आयटीआयचा वीजतंत्री ट्रेड: दोन वर्षं करून आले, मुलीला घालायचा विचार करणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

आमच्या गल्लीतल्या काकूंनी परवा दळण घेऊन जाताना गाठलं मला. त्यांच्या मुलीला दहावीला ६२ टक्के पडलेत, अकरावीला जायचं नाही म्हणते, आयटीआयचा फॉर्म भरायचाय, तर "तू ते लाइटीचं शिकलीस ना गं, ते पोरींना जमतं का, आणि शिकवतात का नीट?" असं विचारत होत्या. पिशवी कट्ट्यावर ठेवून अर्धा तास बोललो तरी संपेना, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढते. मी स्वतः ॲडमिशन घेताना खूप शोधलं होतं पण मुलींच्या बाजूने लिहिलेलं काहीच सापडलं नव्हतं, पगार किती आणि सरकारी नोकरी कशी लागते एवढेच व्हिडिओ.

मी कॉमर्सने बारावी, मग लग्न, मग मुलगी, आणि २७ व्या वर्षी इलेक्ट्रिशियनला ॲडमिशन. हो चालतं, किमान वय १४ पूर्ण पाहिजे, वरची अट नाही, दहावी गणित-विज्ञान घेऊन पास पाहिजे बस. सातारा जिल्ह्यातलीच सरकारी आयटीआय आहे, नाव लिहीत नाही कारण पुढे काही तक्रारी पण करणार आहे आणि तिथले सर लोक माझ्याशी चांगले वागलेत. फॉर्म ऑनलाइन असतो, अख्ख्या राज्याचा एकच, दहावीच्या मार्कांवर मेरिट लागतं. फॉर्म भरताना ट्रेडची मराठी नावं बघून मला फार भारी वाटलं होतं. वीजतंत्री, तारतंत्री म्हणजे वायरमन, जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, संधाता म्हणजे वेल्डर. यातल्या एकाही शब्दात हा पुरुष असलाच पाहिजे असं नाहीये. वायरमन म्हटलं की आहे, तारतंत्री म्हटलं की नाही.

इलेक्ट्रिशियनची एक तुकडी २० जणांची असते, आणि ३० टक्के जागा महिलांसाठी राखीव म्हणजे सहा. आमच्या तुकडीत पाच जणीच होतो. चौघी नुकत्याच दहावी झालेल्या, १६-१७ वर्षांच्या, आणि मी. काही शहरांत मुलींच्या वेगळ्या आयटीआय पण आहेत, मी एका ठिकाणी चौकशी केली होती पण तिथे शिवणकाम, ब्युटी पार्लरचं आणि कोपा म्हणजे कॉम्प्युटर हेच जास्त होतं, मला मोटार आणि पॅनल शिकायचं होतं. फीचं म्हणाल तर खासगी क्लासच्या मानाने काहीच नाही, त्यात मी अडकणार नाही.

पहिल्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये सेफ्टीचा तास झाला. सरांनी (आयटीआयमध्ये शिकवणाऱ्यांना निदेशक म्हणतात, शिल्प निदेशक) सांगितलं की अंगावर धातू नको, घड्याळ, अंगठी, कडं, साखळी सगळं काढून यायचं. मुलांनी कडी काढली. मी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं की बांगड्या आणि मंगळसूत्र काढून जावं लागेल. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री जेवल्या पण नाहीत नीट. मी दुसऱ्या दिवशी त्यांना सोबत बसवून घरचाच स्विचबोर्ड उघडून दाखवला, म्हणजे आधी मेन बंद करून, आणि सांगितलं की वाकल्यावर साखळी पुढे लोंबते आणि ती जर का फेजला टेकली तर करंट थेट छातीतून जातो. त्यांनी ऐकून घेतलं. दोन दिवसांनी जुन्या खणाच्या तुकड्याची छोटी पिशवी शिवून दिली, नाडी घातलेली, "यात ठेव आणि आल्यावर आठवणीने घाल" म्हणाल्या. ती पिशवी अजून माझ्या टूलबॅगच्या आतल्या कप्प्यात आहे. हे एवढं लांबण लावून सांगतेय कारण लग्न झालेल्या बायकांना ॲडमिशनच्या आधी ही गोष्ट कोणी सांगत नाही, आणि घरात यावरून खरंच वादावादी होऊ शकते, तर आधीच बोलून घ्या.

शिकवण्याबद्दल. पहिलं वर्ष हाताचं काम फार चांगलं होतं. वायरचं इन्सुलेशन सोलणं, पिगटेल जॉइंट, टी जॉइंट, मॅरीड जॉइंट, ब्रिटानिया जॉइंट, मग सोल्डरिंग, मग लाकडी बोर्डावर वायरिंग, जिन्याचा टू-वे स्विच, मग अर्थिंग, मीटर, ट्रान्सफॉर्मर. मॅरीड जॉइंट म्हणजे दोन वायरींच्या तारा एकमेकींत विणून पक्कडीने आवळायच्या असतात, माझा पहिला जॉइंट सरांनी हाताने ओढला आणि सुटला, ते म्हणाले परत. सात वेळा केला. आठव्या वेळेला त्यांनी दोन्ही हातांनी ओढला आणि तो हलला नाही, मग काही न बोलता फक्त माझ्या जर्नलवर सही केली. त्या माणसाने मुलगी म्हणून कधी सूट दिली नाही आणि मुलगी म्हणून कधी टाळलं पण नाही, असे निदेशक मिळाले तर डोळे झाकून मुलीला पाठवा.

आता मुख्य तक्रार.

दुसऱ्या शिक्षकांच्या तासाला काम गटात असायचं. एक जॉब (म्हणजे प्रॅक्टिकलचं एक काम), चार जणांचा गट, आणि प्रत्येक गटात एक मुलगी वाटून दिलेली. ऐकायला बरोबर वाटतं ना, पण व्हायचं काय, की मुलगी गटात आली की जर्नल तिच्याकडे. अक्षर चांगलं, आकृत्या नीटनेटक्या, म्हणून लिहायचं काम तिचं, आणि पक्कड, ड्रिल, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मुलांच्या हातात. पाइप अर्थिंगच्या प्रॅक्टिकलला तर मला अजून आठवतंय, खड्डा मुलांनी खणला, पाइप मुलांनी उभा केला, क्लॅम्प मुलांनी आवळला, आम्ही पाचही जणींनी फक्त मीठ आणि कोळशाचे थर टाकले. आणि फोटो काढला तो आमचा. तो फोटो नोटीस बोर्डावर लागला.

मुलं वाईट नव्हती हां, मला ताई ताई करायची, डबा वाटून खायची. ती मदत म्हणूनच करत होती, "ताई तुम्ही राहू द्या, हात काळे होतील." पण अशाने दोन वर्षं गेली की मुलीच्या हातात सर्टिफिकेट येतं आणि हाताला काम येत नाही, मग नोकरीच्या ट्रेड टेस्टला ती अडकते, आणि मग लोक म्हणतात बघा पोरींना जमत नाही. मला हे समजायला चार महिने लागले आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी मी आणि त्या चौघीतली एक, आम्ही दोघी आमच्या पहिल्या सरांकडे गेलो आणि स्पष्ट सांगितलं की आम्हाला गटात घालू नका, प्रत्येकाला स्वतःचा जॉब द्या, छोटा द्या पण स्वतःचा. त्यांनी दुसऱ्या शिक्षकांशी काय बोलणं केलं माहीत नाही, पण पुढच्या सोमवारपासून हजेरी नंबरप्रमाणे पाळी लागली आणि जर्नल ज्याचं त्याने लिहायचं असं ठरलं. मुलांची अक्षरं सुधारली आणि आमचे हात.

दुसरं वर्ष मोटारींचं. थ्री फेज मोटार, स्टार्टर, वाइंडिंग, पॅनल वायरिंग. हे वर्ष मला सगळ्यात जास्त आवडलं. वाइंडिंग बसून करायचं काम आहे, स्टेटरच्या म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या खाचेत इन्सुलेशन पेपर घालायचा, कॉइलचे वेढे मोजून बसवायचे, एक वेढा चुकला तरी पुढे मोटार तापते. बायकांना बारीक काम जमतं म्हणून वाइंडिंग द्या असं तिथे कोणीतरी म्हणालं होतं, मला ते पटत नाही, बारीक काम ज्याने केलंय त्याला जमतं. आमच्यातली एक जण वाइंडिंगमध्ये फार कच्ची होती आणि ड्रिल मशीन मात्र भिंतीवर अशी सरळ धरायची की बघत राहावं.

स्टार-डेल्टाचा दिवस सांगते. मोटारीचे सहा टर्मिनल, तीन कॉन्टॅक्टर (मोटारीची लाइन जोडणारे-तोडणारे स्विच), टायमर, सगळं एकटीने जोडलेलं, सुरुवातीला मोटार स्टारमध्ये चालू करतात म्हणजे लाइनवरचा करंट तिसरा हिस्साच घेते आणि वेग पकडला की डेल्टात टाकतात. मी बटण दाबलं तर मोटार नुसती घूं घूं करतेय, फिरत नाही. लगेच बंद केली. मागून एकाने "ताई कनेक्शन चुकलं" म्हणून हात घातला होता, सरांनी त्याला थांबवलं, "तिला शोधू दे." ४१५ व्होल्टचं काम आहे, घाई चालत नाही, मेन बंद करून टेस्टरने खात्री करून मी एकेक वायर मल्टीमीटरने तपासली, माझी सगळी कनेक्शन बरोबर होती, शेवटी पॅनलच्या वरचा एक फ्यूज आतून उडालेला निघाला, म्हणजे मोटारीला तीनऐवजी दोनच फेज मिळत होत्या. फ्यूज बदलला आणि मोटार फिरली. ती वीस मिनिटं कोणी मध्ये हात घातला असता तर मी आयुष्यभर समजले असते की माझंच कनेक्शन चुकलं होतं.

कमी काय आहे ते पण लिहिते. सोलरचं नुसतं फळ्यावर शिकवलं, पॅनल छपरावर चढवून बसवणं वगैरे झालं नाही, आणि आज बाहेर सगळ्यात जास्त काम त्याचंच आहे. काही मशीन बंदच होत्या दोन्ही वर्षं. थिअरीची परीक्षा कॉम्प्युटरवर असते, ऑब्जेक्टिव्ह, त्याचा सराव स्वतःच करावा लागला. मुलींचं टॉयलेट वर्कशॉपपासून दुसऱ्या इमारतीत, आणि किल्ली ऑफिसात. ही किल्लीची गोष्ट छोटी वाटत असेल तर विचारा कुठल्याही मुलीला, त्या चौघी सकाळी पाणी न पिता यायच्या.

कपडे आणि बूट हा एक वेगळा ताप. सेफ्टी शूज माझ्या मापाचे चार नंबरचे, साताऱ्यात तीन दुकानं फिरले, सगळीकडे सहापासून पुढे. "लेडीजमध्ये येत नाही" म्हणे. एकाने सांगितलं दोन मोजे घाला. मोठा बूट घालून शिडी चढायची म्हणजे पायाला पायरीच कळत नाही, पाय घसरला तर बूट असून नसल्यासारखा. शेवटी ऑनलाइन मागवले, दोनदा परत करून तिसऱ्यांदा बसले. रबरी हातमोज्यांचं तेच, बोटं पुढे रिकामी राहिली तर स्क्रू पकडता येत नाही. पक्कड मात्र तपारियाचीच घेतली, नाशिकला बनते, आठ इंचीऐवजी सहा इंची घ्या जर हात लहान असेल तर, मी आधी सगळ्यांसारखी आठ इंची घेऊन मनगट दुखवून घेतलं. आयटीआयने किटमध्ये सगळ्यांना एकाच मापाचं देण्यापेक्षा आधी मापं घ्यावीत, एवढं तर करता येईल.

मग अप्रेंटिसशिप. पास झाल्यावर एक वर्ष एका कारखान्यात केली, मेंटेनन्स विभागात, महिना ७००० स्टायपेंड. कारखान्याचं नाव नको. तिथल्या सुपरवायझरनी पहिल्या दिवशी सांगितलं की बायकांना चालू मशीनला हात लावू देत नाही, कायदाच आहे. मला वाटलं टाळतायत, पण घरी येऊन शोधलं तर १९४८ च्या कारखाना कायद्यात खरंच तसं कलम होतं, मशीनचा भाग फिरत असताना त्याची साफसफाई, ऑइलिंग किंवा ॲडजस्टमेंट बाईने करायची नाही. साडी आणि केस अडकून अपघात व्हायचे त्या काळातला विचार असेल, पण मी बॉयलर सूट घालून केस टोपीत बांधून उभी होते. आणि गंमत नाही खरंच सांगते, त्याच कायद्यात बायकांसाठी वेगळं बंदिस्त शौचालय पाहिजे हे पण लिहिलं होतं, ते मात्र त्या विभागात नव्हतं, मला पार ऑफिसच्या इमारतीपर्यंत जावं लागायचं. मी दोन्ही कलमं वहीत लिहून घेतली आणि एचआरच्या मॅडमना दाखवली. चालू मशीनचं काही झालं नाही, पण बंद मशीनवरचं सगळं काम, पॅनल, सेन्सर बदलणं, मोटार उतरवणं, मला मिळायला लागलं आणि दोन महिन्यांत टॉयलेटची सोय जवळ झाली. माझ्यानंतर तिथे दोन मुली अप्रेंटिस लागल्या.

पुढे काय, हा प्रश्न काकूंनी सगळ्यात आधी विचारला होता. महावितरणची विद्युत सहायकची भरती असते, २०२३ च्या शेवटी ५३४७ जागांची जाहिरात आली होती, त्याला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडच लागतो. महिला तंत्रज्ञ महावितरणमध्ये आता खांबावर चढून काम करतायत, आमच्या भागात पण एक आहेत, पावसाळ्यात फॉल्ट काढायला येतात तेव्हा माझी मुलगी गेटपाशी उभी राहून बघत बसते. पुण्यात टाटा मोटर्सने गाड्यांच्या असेंब्लीची अख्खी लाइन मुलींची केलीय. ज्यांना पुढे शिकायचंय त्यांनी आयटीआयनंतर पॉलिटेक्निकला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचं बघा. आमच्या साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या शासकीय पॉलिटेक्निकमधूनच इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून रेल्वेत गेल्या, आशियातल्या पहिल्या महिला लोको पायलट, मार्च २०२३ मध्ये सोलापूर ते मुंबई वंदे भारत त्यांनी चालवत नेली. आमच्या निदेशकांनी ती बातमी वर्कशॉपच्या कपाटावर चिकटवली होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, ट्रेड: इलेक्ट्रिकल. बाकी काही नाही.

मी नोकरी केली नाही, घरगुती कामं घेते. पंखे, बोर्ड, गिझर, इन्व्हर्टर, जुन्या घरांचं वायरिंग, गावात आणि आसपासच्या चार वाड्यांवर. सुरुवातीला दार उघडलं की "मिस्त्री मागून येतायत का?" असंच विचारायचे. आता उलटं झालंय, दुपारी घरी एकटी असलेली सून, म्हाताऱ्या आजी, भाड्याने राहणाऱ्या नर्स मुली, या मुद्दाम मलाच बोलावतात, कारण अनोळखी माणूस घरात घ्यायला नको वाटतं. एका आजींच्या गिझरला अर्थिंगच नव्हतं, हिरवी वायर प्लगमध्ये कापून आत दुमडून ठेवलेली, वर्षभर नळाला हात लावला की मुंग्या येतात म्हणायच्या आणि घरचे म्हणायचे वय झालंय. अर्थिंग केलं, ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच लाइन तोडणारा स्विच) बसवली, मुंग्या बंद. तेवढ्यासाठी म्हणून एक सांगते, तुमच्या घरी ती आरसीसीबी नसेल तर आधी बसवून घ्या, एमसीबी वायर वाचवते, माणसाला वाचवायला ही लागते.

तर माझ्याकडून ट्रेडला पाचपैकी साडेचार, आणि आमच्या आयटीआयला साडेतीन. एक स्टार त्या जर्नलचा आणि अर्धा त्या किल्लीचा कापलाय.

ॲडमिशनच्या आधी मुलीला घेऊन आयटीआय बघायला जाणार असाल तर ऑफिसात बसून माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका. प्रॅक्टिकल चालू असेल अशा वेळी जा, साधारण सकाळी, आणि वर्कशॉपच्या दारात दहा मिनिटं उभं राहा. मुलींच्या हातात काय आहे ते बघा, पेन आहे का पक्कड. त्यांच्या बोटांना काळं लागलंय का बघा. टॉयलेट कुठे आहे ते निदेशकांना विचारू नका, दुसऱ्या वर्षाच्या मुलीला विचारा. आणि जॉब गटात असतो का एकट्याचा हे पण तिलाच विचारा, ती खरं सांगेल.

आमच्या पाच जणींपैकी एक पहिल्या वर्षानंतर सोडून गेली, तिचं लग्न ठरलं. एक महावितरणच्या भरतीची तयारी करतेय, एक चाकणला पॅनल बनवणाऱ्या कंपनीत आहे, आणि ती ड्रिलवाली लिफ्टच्या मेंटेनन्सला लागलीय, सध्या कोल्हापुरात असते. सोडून गेलेलीचा गेल्या महिन्यात फोन आला होता, दुसऱ्या वर्षाला परत बसता येतं का विचारत होती. मी सरांना विचारून ठेवलंय, कागदपत्रं घेऊन ये म्हणालेत, सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत. काकूंना म्हटलं तुमच्या मुलीला पण पाठवा आमच्यासोबत, वर्कशॉप बघून येईल.